कट शिकवणारे मास्तर

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी दिगंबर मास्तरांचं नाव घेतो. घेताना दर वेळी मनात थोडा संशय येतो. उपकार करणाऱ्याबद्दल संशय बाळगणं वाईट, हे मला कळतं. पण मास्तरांनीच मला तसं पाहायला शिकवलं.

ते माजलगावच्या वस्तानिया शाळेत, म्हणजे तेव्हाच्या मिडल स्कुलात, चित्रकला शिकवायला आले होते. निजामाचं राज्य होतं. शाळा उर्दूतून चाले, सुट्टी शुक्रवारी असे, आणि चार माणसं एका जागी बसली की कुणीतरी त्यांना मोजून जाई. परवानगीशिवाय सभा-जलसा नाही, परवानगीशिवाय खाजगी वर्ग नाही. अशा गावात पुण्याकडचा एक माणूस पत्र्याची पेटी घेऊन उतरतो, कुणाशी सोयरीक नाही, ओळख नाही. लोकांना संशय येणारच.

पण लोकांना मास्तरांचा जेवढा संशय होता, त्याच्या दुप्पट मास्तरांना लोकांचा होता. पुण्याकडे एका फिल्म कंपनीत त्यांनी फिल्म कापायचं आणि जोडायचं काम केलं होतं. ते काम का सोडलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही. त्या कामातून एक खोड मात्र अंगाला चिकटून आली होती. जे डोळ्यांसमोर सलग घडलं नाही, त्यावर त्यांचा विश्वास बसत नसे.

एकदा मी त्यांच्याबरोबर किराणा दुकानात होतो. दुकानदाराने गुळाची ढेप दाखवली, ती फोडायला पडद्यामागे गेला आणि खडा पुड्यात बांधून घेऊन आला.

"हा त्याच ढेपेतला कशावरून?" मास्तरांनी विचारलं.

"मंग कुटला हाय? आत काय माझी सासू गुऱ्हाळ लावून बसलीय का?"

"तुम्ही पडद्यामागे गेलात तेव्हा मला दिसत नव्हतात. मधे काय झालं ते मला ठाऊक नाही."

"मधी शिंकलो," दुकानदार म्हणाला. "लागत आसंल तर तेबी बांधून देतो."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी ढेप बाहेर आणायला लावली आणि खडा तिच्या फुटक्या जागी लावून पाहिला. नीट बसला तेव्हाच गूळ घेतला. दूध घ्यायचं तर धार काढताना गोठ्यात उभे राहत आणि घरापर्यंत चरवीवरून नजर काढत नसत. कुणी सांगितलं, "काल बीडला गेलतो, आज आलो," की ते विचारत, "मधलं?" माणूस चक्रावून जाई. मधलं काय सांगणार? रस्ता होता, धूळ होती, बैल होते. "ते तुम्ही सांगताय," मास्तर म्हणत, आणि पुढे चालू लागत.

त्यांच्या घरमालकिणीचा संशय वेगळाच होता. मास्तरांच्या खोलीतून कधी कधी पिकल्या केळ्यांचा दाट वास येई, आणि खोलीत केळं एकही नसे. "केळं न्हाईत अन् केळाचा वास हाय," ती बायांना सांगे, "कायतरी आत पुरलंय." तो वास फिल्म जोडायच्या डिंकाचा होता. बाजाराच्या दिवसांत तंबूचा सिनेमा गावात येई, तंबूवाल्याची फिल्म सारखी तुटे, आणि मास्तर ती जोडून देत. बदल्यात वाया गेलेले तुकडे घेत. एका टोकावरचा मसाला, म्हणजे चित्राचा थर, पात्याने खरवडायचा, त्यावर डिंकाचं बोट फिरवायचं, दुसरं टोक चढवायचं आणि दाबून धरायचं. दाबून धरलेलं असताना ते श्वासही घेत नसत.

आम्हाला त्यांनी हे शिकवायला सुरुवात केली ती आमच्याच आग्रहावरून. आम्ही पाच-सहा पोरं होतो. शाळा सुटल्यावर सिंदफणेच्या कोरड्या पात्रात, बाभळीच्या सावलीत बसायचो. गावात बसलो असतो तर लोकांनी मोजलं असतं. नदीत बसलो म्हणून जास्त मोजलं, हे नंतर कळलं.

त्यांच्याजवळ यंत्र नव्हतं. पडदा नव्हता. त्यांनी आमच्या पापण्या वापरल्या. "मीट" म्हटलं की सगळ्यांनी डोळे मिटायचे. "उघड" म्हटलं की उघडायचे. मधल्या वेळात ते समोरची वस्तू बदलत.

समोर बसायला शाळेचा चपराशी असे, इब्राहिमचाचा. घंटा वाजवणारा, साठीचा, आणि ज्याच्या तोंडावर कधी काही उमटलेलं कुणी पाहिलं नाही असा माणूस. मास्तरांना हाच माणूस हवा होता.

"मीट. उघड." समोर फडक्यावर भाकरी.

"मीट. उघड." समोर इब्राहिमचाचा.

"काय चाललंय ह्यांच्या मनात?"

"भूक लागलीय," आम्ही सगळे म्हणालो.

मग पुन्हा. या वेळी भाकरीच्या जागी तान्ह्या पोराचं टोपडं. मग चाचा. माझ्या शेजारी बसणारा रंगनाथ हळूच म्हणाला, "चाचाचं लेकरू गेलंय." आणि खरंच, आम्हाला चाचाच्या डोळ्यांत पाणी दिसायला लागलं होतं.

"चाचा, तुम्ही काय करत होतात?" मास्तरांनी विचारलं.

"कुच नै," चाचा म्हणाले. "पाठीला खाज सुटली हाय. खाजवू का आता?"

मास्तर आमच्याकडे वळले. "तोंड तेच होतं. भूक तुम्ही आणलीत, रडू तुम्ही आणलंत. दोन तुकड्यांच्या मधे जी जागा असते तिथे पाहणारा स्वतःचं सामान ठेवतो. ह्या जागेला आमच्याकडे इंग्रजीत कट म्हणतात. कट असा करावा की झाला हे कळू नये. कळला तर वाया गेला."

मी हे पाठ केलं. मी पाठांतराला चांगला होतो, आणि त्यामुळेच पुढचं घडलं.

माझं घर दिंद्रुडला. मी माजलगावात मावशीकडे राहायचो आणि गुरुवारी संध्याकाळी कुणाच्या तरी गाडीत बसून घरी जायचो. जेवताना आबा, म्हणजे माझे वडील, दर वेळी एकच प्रश्न विचारत. त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हतं, त्यामुळे उत्तर ते फार लक्ष देऊन ऐकत.

"या हप्त्यात काय शिकलास?"

"कट," मी म्हणालो.

"कट?" माय चुलीपासून वळली. "पुरन कुटं घातलं व्हतं मास्तरानं?" तिला पुरणाच्या कटाची आमटी वाटली.

"त्यो न्हाई माय. मास्तर म्हनले, कट आसा करावा की झाला हे कळू न्हाई. कळला तर वाया गेला."

आबांचा घास हातातच राहिला. "कुनाला कळू न्हाई?"

"बघनाऱ्याला."

"किती जन हाव तुमी?"

"पाच-सहा."

"शाळंत बसताव?"

"न्हाई. नदीत. बाभळीखाली."

आबांनी ताट बाजूला सारलं. हात धुतला. सकाळी ते पोलीस पाटलाकडे गेले. त्यांना कुणाचं वाईट करायचं नव्हतं. पोरगं कटात सापडलंय, ते आधीच सांगून टाकलं तर पोराचं नाव वगळलं जाईल, एवढाच त्यांचा हिशेब. पाटलाने ऐकलं आणि कारकुनाकडून वर्दी लिहून घेतली. वर्दी उर्दूत लिहायची असे. मराठीतला कट, त्याला उर्दूत शब्द आहे साजिश. कारकुनाने तो घातला. तो त्याच्या जागी बरोबरच होता.

माझं नाव वगळलं गेलं नाही. सगळ्या पोरांची नावं वर्दीत गेली.

मास्तरांना माजलगावच्या ठाण्यावर बोलावणी सुरू झाली. आधी एकदा, मग वरचेवर. का बोलावलंय हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि गावाला तर नाहीच नाही. गावाने फक्त एवढं पाहिलं की चित्रकलेचा मास्तर संध्याकाळी ठाण्यात जातो आणि तासाभराने बाहेर येतो. त्याच सुमारास एका कापडवाल्याच्या मुलाला इंग्रजी मुलखातून आणलेल्या, इकडे बंदी असलेल्या वर्तमानपत्रासकट पकडलं. गावाने दोन तुकडे जोडले. मास्तर मुखबीर आहे. पोटात शिरून सरकारला खबर देतो.

किराणावाल्याने गूळ द्यायचं बंद केलं. "संपला," तो म्हणे, ढेपेला टेकून.

मी घाबरत घाबरत मास्तरांना विचारलं, "तुमी ठाण्यात कावून जाता? लोक लई वंगाळ बोलतेत."

"मी सांगितलं तर तू मानशील?"

"मानीन."

"मग तू काही शिकला नाहीस. तू मला आत जाताना पाहिलंस आणि बाहेर येताना पाहिलंस. मधलं मी सांगितलं तर ते मी कापून जोडलेलं असेल."

मला त्या दिवशी त्यांचा राग आला. साधं "मी तसा नाही" एवढं म्हणायला त्यांना काय होत होतं? खऱ्या मुखबिराने दुसरं काय उत्तर दिलं असतं, असंही मनात आलं. ते अजून येतं.

मिडलची परीक्षा जवळ आली होती. बीडला जाऊन द्यायची. ती झाली तर पुढे शाळा, नाही तर मी गावी औताला, हे घरात ठरलेलं होतं. आणि सदर मुदर्रिसांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, मला बोलावून सांगितलं की वर्दीत नाव असलेल्या पोरांना ठाण्याचा निकाल लागेपर्यंत परीक्षेला बसता येणार नाही. वर्दीत काय आहे हे तेव्हा पहिल्यांदा आम्हाला कळलं. साजिश हा शब्द मी घरी सांगितल्यावर आबांनी त्याचा मराठी अर्थ मला दोनदा विचारला. तो शब्द आपल्याच ताटावरून उठून गेला हे त्यांना कळलं, मला कळलं. मास्तरांना कळलं होतं का, हे मला ठाऊक नाही.

चौकशीच्या दिवशी ठाण्यात आम्ही सगळे होतो. पोरं, त्यांचे बाप, सदर मुदर्रिस, इब्राहिमचाचा. ठाण्याचे अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, हैदराबादकडचे होते. आवाज कधी वाढवत नसत. त्यांनी रंगनाथला पुढे घेतलं.

"मास्टर ने क्या सिखाया?"

"जी, कट."

"कितने किये?"

रंगनाथने खरं सांगितलं. "तीन जमले. चौथा बिगडला."

सदर मुदर्रिसांनी रुमालाने मान पुसली.

"हुजूर," मास्तर म्हणाले, "सांगून उपयोग नाही. दाखवतो. तुम्ही डोळे मिटा."

"क्यों?"

"मला समोरचं काही बदलायचं आहे. बदलताना तुम्हाला दिसता कामा नये."

याहून वाईट वाक्य त्या खोलीत कुणी बोलू शकलं नसतं. अमीनसाहेबांनी दार लावून घेतलं. एका जवानाला मास्तरांची बाही धरून उभं केलं. मग एक डोळा मिटला.

"एका डोळ्याने होत नाही हुजूर."

"हमारा एकसेइच होता."

"मग तुम्हाला साजिश दिसत राहील."

अमीनसाहेबांनी छडी जवळ ओढली. मग जवानाला म्हणाले, "तू आँखें मत बंद करना," आणि दोन्ही डोळे मिटले. हात टेबलावरच्या छडीवर होता.

आता खुर्चीत इब्राहिमचाचा बसणार असं आम्हाला वाटलं. तेही उठले होते. पण मास्तरांनी सगळ्या बापांवरून नजर फिरवली आणि ती आबांवर थांबली. "तुम्ही या," ते म्हणाले. "इथे बसा. काही करायचं नाही. समोर बघा."

आबा उठले. कसे चालत गेले ते मला आज आठवत नाही. फक्त खुर्चीत बसलेले आठवतात, गुडघ्यांवर हात, तोंड सुकलेल्या मातीसारखं.

मास्तरांनी टेबलावरच्या बेड्या उचलून साहेबांसमोर ठेवल्या. "उघडा. मिटा. उघडा." दुसऱ्या वेळी समोर आबा.

"ये क्या सोच रहा है हुजूर?"

"मुजरिम है," अमीनसाहेब लगेच म्हणाले. "कुछ छुपा रहा है."

आबांनी पापणीही हलवली नाही. मास्तरांचीही हलली नाही.

पुन्हा डोळे बंद. बेड्यांच्या जागी मास्तरांनी मला उभं केलं. मग आबा.

"बाप है," साहेब जरा सावकाश म्हणाले. "बच्चे की फिकर में है."

"जवानाला विचारा, हा माणूस हलला का."

"न्हाई साब," जवान म्हणाला. "जैसा का वैसाच बैठा हुआ है."

अमीनसाहेबांनी छडी बाजूला ठेवली. मग त्यांनी डोक्यावरची सरकारी टोपी काढली, स्वतःच्या हाताने समोर ठेवली, आणि मास्तरांनी सांगायच्या आधीच डोळे मिटून उघडले. टोपीकडे पाहिलं. पुन्हा मिटले. उघडून आबांकडे पाहिलं. आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ये हमसे नफरत करता है," ते हलक्या आवाजात म्हणाले.

"हुजूर, तोंड तेच आहे."

"मालूम है." त्यांनी टोपी उचलून पुन्हा घातली. वर्दीचा कागद हातात घेतला. "लफ्ज गलत लिखा. साजिश नहीं है. बच्चे इम्तिहान में बैठेंगे." सदर मुदर्रिसांनी मान डोलावली. बाप लोकांनी हात जोडले.

"लेकिन ये आदमी इस जिले में नहीं रहेगा," साहेब म्हणाले. "साजिश करनेवाले को दस आदमी लगते. छुपना पडता. इसको एक कुर्सी बस है, और वो भी दिन में, हमारेइच सामने."

मास्तरांनी एवढंच विचारलं, "हुजूर, पोरांची नावं परीक्षेच्या यादीत मला डोळ्यांनी बघता येतील?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती पाहिली. मला म्हणाले, "तुझं आहे. मला कुणी सांगितलं नाही, मी वाचलं." मग दोन जवानांच्या पहाऱ्यात, पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन, टांग्यातून जिल्ह्याबाहेर गेले. बाजार भरलेला होता. लोकांनी टांगा पाहिला, जवान पाहिले. किराणावाला म्हणाला, "बघा बे, सरकारचा मानूस सरकारी बंदोबस्तात चालला." कुणी त्याला खोडलं नाही. मी खोडलं असतं, पण मला तरी काय ठाऊक होतं?

मास्तर गेले त्या संध्याकाळी मी आणि आबा गाडीतून घरी निघालो. नदी ओलांडल्यावर आबा म्हणाले, "ठाण्यात त्यो माझ्याकडं बघत व्हता तवा वाटलं, आता माझं नाव घेतो."

"त्यास्नी ठाव व्हतं का आबा?"

"कुनाला ठाव. न्हाई घेतलं एवढं खरं."

मी मिडल झालो. औरंगाबादला मॅट्रिक केलं, हैदराबादला बी.ए. निकाल लागला तेव्हा मी सुट्टीत घरी होतो. मास्तर पुन्हा फिल्मच्याच कामाला लागले असं कुणाकडून तरी ऐकलं होतं, पत्ता अर्धामुर्धा होता. त्यावर मी पाठवलेलं पत्र असं:

तीर्थस्वरूप दिगंबर मास्तर यांचे सेवेशी,
कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मी बी.ए. झालो. ही बातमी आधी तुम्हाला कळवायची हे मी पूर्वीच ठरवलं होतं. पण पत्राचं खरं कारण दुसरं आहे, आणि ते आबांनी मला लिहायला सांगितलं आहे.

ठाण्यावरची वर्दी आमच्या घरातून गेली होती. मी जेवताना तुमचं वाक्य म्हणून दाखवलं आणि आबांनी ते पाटलाला सांगितलं. "भिऊन सांगितलं" असं मी आधी लिहिलं होतं. आबांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि खोडायला लावलं. म्हणाले, "सांगितलं एवढंच लिही. भ्यालो हे त्यास्नी दिसलंच आसंल."

तुम्ही त्या दिवशी इतक्या बापांतून आबांनाच खुर्चीत का बसवलंत, हे मला इतकी वर्षं कळलेलं नाही. ठाऊक असून बसवलं असेल तर त्यांना धडा द्यायला की वाचवायला, आणि ठाऊक नसेल तर हे पत्र वाचून तुम्हाला काय वाटेल, याचा मी खूप विचार केला. खरं सांगतो, तुमच्याबद्दल माझा संशय अजून पुरता गेलेला नाही. गावाचा तर मुळीच गेलेला नाही. मी गावात तुमची बाजू घेतो, पण ती मला पाहून माहीत नाही, मी मानलेली आहे. एवढं मानायला मी स्वतःला परवानगी दिली, रागावू नये.

हे पत्र माझ्या हातचं असलं तरी खालची सही माझी नाही. या सुट्टीत आबा माझ्याकडून स्वतःचं नाव लिहायला शिकले. रोज औत सोडल्यावर, ओसरीच्या भुईवर, खडूने. मी म्हटलं होतं, अंगठा चालेल, मास्तर समजून घेतील. ते म्हणाले, "अंगठा काय, ठाण्यात कुनीबी धरून उठवतंय. हे माझं मला लिहावं लागंल."

सहीचं शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलं आहे. ते त्यांनी दुसऱ्यांदा करू दिलं नाही.